रक्तातल्या पेशी, फुप्फुसातल्या पेशी

सायटोकाइन म्हणजे रोगप्रतिकारक पेशींनी एकमेकींना धाडलेले प्रथिनरूपी निरोप. त्यांचा अभ्यास करायला रक्तातल्या पेशी सहज मिळतात. दंडातून नळीभर रक्त काढलं की झालं. फुप्फुसासाठी मात्र ब्राँकोस्कोप ही दुर्बीण-नळी आत उतरवून निर्जंतुक सलाईन थोडं थोडं सोडतात आणि लगेच ओढून घेतात. परत येतं ते किंचित गढूळ, फेसाळ पाणी. धूम्रपान न करणाऱ्या निरोगी माणसाच्या या पाण्यातल्या ८० टक्क्यांहून अधिक पेशी मॅक्रोफेज, म्हणजे कण-जंतू गिळणाऱ्या पेशी, असतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या मॅक्रोफेजमध्ये तर काळपट-तपकिरी कण सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतात.

दोन्हीकडच्या पेशींना जिवाणूच्या आवरणाचा तोच अंश दिला, तरी प्रतिसाद वेगळा. रक्तातल्या मोनोसाइट या रोगप्रतिकारक पेशी आयएल-१ बीटा हे सायटोकाइन सढळपणे सोडतात. फुप्फुसातल्या मॅक्रोफेज ते हात राखून सोडतात, टीएनएफ हे दुसरं सायटोकाइन मात्र भरपूर. दर श्वासागणिक धूळ गिळणाऱ्या पेशींचा हा संयम मला फार मोलाचा वाटतो.

टीएनएफचं महत्त्व क्षयरोगात कळतं. संधिवातासाठी टीएनएफ रोखणारं इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्यांमध्ये क्षय उफाळल्याचं २००१ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यामुळे आता अशा औषधांआधी सुप्त क्षयाची तपासणी करतात. त्यासाठीच्या इग्रा चाचणीत रक्तातल्या टी-पेशींना क्षयजंतूची निवडक प्रथिनं देऊन ३७ अंश सेल्सिअसला ठेवतात आणि त्यांनी सोडलेलं इंटरफेरॉन-गॅमा हे सायटोकाइन मोजतात. ही प्रथिनं बीसीजी लशीतल्या जंतूत नसतात. म्हणून लस टोचलेली असली तरी चाचणी फसत नाही.