एकाच तिकिटात कडा आणि बिबट्या

साहसपट आणि पर्यावरणपट यांचा एकत्र महोत्सव भरवण्याची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. इटलीतल्या त्रेंतो शहरात १९५२ पासून आणि कॅनडातल्या बॅन्फमध्ये १९७६ पासून डोंगरांवरच्या चित्रपटांचे महोत्सव भरतात. बॅन्फचे निवडक चित्रपट तर पुढे देशोदेशीच्या थिएटरांत फिरतात. आपल्याकडे पुण्यात २००७ साली सुरू झालेला किर्लोस्कर वसुंधरा महोत्सव राज्यातल्या इतर शहरांतही पोचला. वरवर पाहता ही जोडी विजोड आहे. एका पडद्यावर माणूस निसर्गावर मात करतो आणि दुसऱ्यावर त्याच माणसाने निसर्गाची लावलेली वाट दिसते. साहसाच्या नावाने गर्दी जमवायची आणि मग तिला उपदेशाचा काढा पाजायचा, हा आयोजकांचा कावा आहे असं कोणी म्हटलं, तर ते अगदीच खोटं नाही. तरीही ही जोडी हवी, आणि ती गावातल्या थिएटरात हवी. कारण दोन्ही प्रकारांत एकेक खोट आहे आणि ती शेजारी दुसरा असला की चटकन दिसते.

साहसपटाची खोट जन्मापासूनची आहे. १९२४ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेच्या चित्रीकरणाचे हक्क कॅप्टन जॉन नोएल यांनी आठ हजार पौंडांना घेतले होते. मोहिमेच्या खर्चाला तो मोठा आधार होता. शिखराकडे निघालेले मॅलरी आणि अर्विन हे गिर्यारोहक परतलेच नाहीत, त्यामुळे विजयाचं दृश्य काही हाती लागलं नाही. मग चित्रपटाची भिस्त तिबेटी लोकजीवनावर आली आणि लंडनच्या खेळांना रंगत यावी म्हणून तिबेटातून आणलेले लामा रंगमंचावर नाचवले गेले. पडद्यावर मुलांच्या डोक्यातल्या उवा काढून खाण्याचंही दृश्य होतं. ल्हासाच्या सरकारला हे झोंबलं. आधीच्या तक्रारींत त्याची भर पडली आणि पुढची ब्रिटिश मोहीम थेट १९३३ साली निघाली. ज्यांच्या दारात हा डोंगर उभा आहे, त्यांना चित्रपटाने शोभेपुरतं वापरलं होतं. हा हिशेब नव्वद वर्षांनी जेनिफर पीडम यांच्या ‘शेर्पा’ या माहितीपटात समोर आला. चित्रीकरण सुरू असतानाच, १८ एप्रिल २०१४ रोजी, खुंबू हिमप्रपातात हिमकडा कोसळून सोळा नेपाळी कामगार दबून मेले. शेर्पांनी पुढे जायला नकार दिला, तेव्हा पैसे भरून आलेला एक गिर्यारोहक ‘त्यांच्या मालकांशी’ बोलता येईल का, असं विचारतो. कॅमेरा तिथेच असतो, आणि त्या एका वाक्यात सगळी मोहीमगिरी उघडी पडते.

पर्यावरणपटाची खोट वेगळी आहे. तो प्रेक्षकाला हळहळायला लावतो आणि हळहळलो म्हणजे काम झालं, असं वाटून प्रेक्षक घरी जातो. माइक पांडे यांच्या ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ने मात्र गुजरात किनाऱ्यावर व्हेल शार्कची होणारी कत्तल दाखवली आणि २००१ मध्ये या माशाला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण मिळालं. पण कायद्याने जाळ्यातला मासा सुटत नाही. २००४ पासून वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाने किनाऱ्यावरच्या गावांत मोहीम चालवली, रामकथाकार मोरारीबापूंनी तिला आवाज दिला, आणि मासा सोडण्यासाठी जाळं कापलं तर भरपाई मिळण्याची सोय झाली. त्यानंतर कोळी स्वतः जाळी कापू लागले. दिल्लीला हलवायला चित्रपट पुरला. कोळ्यांना मात्र त्यांच्या गावातच गाठावं लागलं. महोत्सव गावात हवा, तो यासाठी.

यावर एक आक्षेप हटकून येतो. साहसपट पाहून पोरं कड्यांवर चढतील आणि गडांवर आहे ती गर्दी आणखी वाढेल. पण हरिहर गडाच्या पायऱ्यांवर झालेली झुंबड काही कुठल्या महोत्सवाने आणली नव्हती. ती मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओंनी आणली. त्यात तयारी दिसत नाही, माघार तर नाहीच नाही. उलट ‘फ्री सोलो’ हा माहितीपट पाहा. अ‍ॅलेक्स हॉनल्ड ३ जून २०१७ रोजी एल कॅपिटनची सुमारे नऊशे मीटरची भिंत दोराशिवाय चार तासांच्या आत चढला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण चित्रपटाचा बराचसा वेळ दोर लावून केलेल्या सरावात जातो आणि आदल्या वर्षी तो अर्ध्यातून परत फिरलेलाही दिसतो. चढाईच्या दिवशी खालून चित्रीकरण करणारा त्याचाच मित्र कॅमेऱ्याकडे पाठ फिरवतो. त्याच्याने ते बघवत नाही. हे पाहून कोणी उद्या सुळक्याकडे धावेल असं मला वाटत नाही. आणि ‘येणाऱ्यांना हे आधीच पटलेलं असतं’ हा दुसरा आक्षेप तर साहसपटांमुळेच लंगडा पडतो. दर शनिवारी गडावर जाणारा माणूस ‘फ्री सोलो’ला येतोच, आणि प्लास्टिकचा, कड्यांत ठोकलेल्या बोल्टचा आणि पायवाटांच्या धुपीचा प्रश्न त्याचाच आहे.

हे सगळं घरबसल्या ओटीटीवर दिसतंच की, असंही म्हटलं जाईल. दिसतं. ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ला २०२३ मध्ये ऑस्कर मिळालं तेही तिथूनच, आणि पाऊण तासाहून लहान माहितीपटाला रोजच्या थिएटरात एरवी खेळ मिळतही नाही. पण घरी पाहणाऱ्यासमोर वनरक्षक बसलेला नसतो. सुजय डहाके यांच्या ‘आजोबा’ या चित्रपटाचंच घ्या. टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत सापडलेला बिबट्या गळ्यात कॉलर लावून माळशेजमध्ये सोडला आणि तो शंभराहून अधिक किलोमीटर चालत मुंबईच्या वेशीपर्यंत गेला, या खऱ्या घटनेवर तो बेतला आहे. साहसपट म्हणावा तर नायक माणूस नाही, आणि पर्यावरणपट म्हणावा तर उपदेश करायला बिबट्याला सवड नाही. हा चित्रपट जुन्नरच्या किंवा ओतूरच्या पडद्यावर लावला, तर खेळ सुटल्यावर पहिला प्रश्न उसातल्या बिबट्याचा निघेल, दुसरा पिंजऱ्याचा. पकडलेला बिबट्या दुसरीकडे सोडून उपयोग काय, याचं उत्तर वनखात्याच्या माणसाला तिथेच, शेतकऱ्यांच्या तोंडावर द्यावं लागेल.