अमेरिकेतलं आपलं घर (लेखांक ७) : शिडी लावण्याआधी

मागच्या लेखात छताच्या कामासाठी कोटेशनं कशी मागवायची ते पाहिलं. भाव ठरला की आपली माणसं घाई करतात. ‘शेजाऱ्यांचं छत यानंच केलंय, माणूस भरवशाचा आहे’ म्हणत सगळं तोंडी उरकतात. एडिसनच्या आसपास राहणाऱ्यांनी तरी असं करू नये, कारण न्यू जर्सीचा कायदा घरमालकाच्या बाजूचा आहे.

तिथं ५०० डॉलरवरच्या घरदुरुस्तीला लेखी करार सक्तीचा आहे. कॉन्ट्रॅक्टरची राज्याकडे नोंदणी हवी; तो क्रमांक कन्झ्युमर अफेअर्स विभागाच्या संकेतस्थळावर तपासून घ्या. करारात एकूण रक्कम, काम सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख हवी. ‘चांगल्या प्रतीचे शिंगल्स’ एवढ्यावर सही करू नका. कुठल्या कंपनीचे, कुठल्या प्रकारचे, जुना थर काढणार की त्याच्यावरच नवा बसवणार, खालचं प्लायवूड कुजलेलं निघालं तर दर शीटमागे किती, हे सगळं लिहून घ्या. सर्वांत जास्त भांडणं या कुजलेल्या प्लायवूडवरून होतात. सही केल्यावर मन बदललं, तर कामकाजाच्या तीन दिवसांत करार रद्द करता येतो.

आता विमा. दर घटनेमागे किमान ५ लाख डॉलरचा जनरल लायबिलिटी विमा कॉन्ट्रॅक्टरकडे असावाच लागतो आणि त्याचं सर्टिफिकेट कराराला जोडावं लागतं. हा बहुधा एकाच पानाचा छापील फॉर्म असतो. त्यावर वरच्या बाजूलाच लिहिलेलं असतं की हा कागद केवळ माहितीसाठी आहे, तो हातात असल्यानं कोणताही हक्क मिळत नाही. म्हणजे हप्ता थकून पॉलिसी बंद पडली तरी कागद तसाच दिसणार. म्हणून तो कॉन्ट्रॅक्टरकडून न घेता थेट विमा एजंटकडून मागवा. करारावरचं आणि पॉलिसीवरचं नाव एकच आहे ना, मुदत काम संपेपर्यंत आहे ना, तेही बघा.

शिडी घसरून शेजाऱ्याची गाडी चेपली, तर हा विमा कामी येतो. छतच वाईट बसवलं, तर ते पुन्हा करून द्यायचा खर्च मात्र त्यातून सहसा मिळत नाही. आणि कॉन्ट्रॅक्टरचा स्वतःचा कामगार वरून पडला, तर तो या विम्यात बसत नाही; त्यासाठी वर्कर्स कॉम्पेन्सेशन वेगळं लागतं. ते नसेल तर दावा घरमालकापर्यंत येऊ शकतो. पण मला त्याहून मोठी वाटते ती त्या कामगाराची गोष्ट. पाठीचा मणका मोडलेल्या माणसाच्या उपचारांचे आणि बुडालेल्या मजुरीचे पैसे कुठून येणार, हे तो आपल्या छतावर चढण्याआधीच विचारायला हवं. वर्कर्स कॉम्पचा पुरावा मिळाला नाही, तर स्वस्त कोटेशनही सोडून द्यावं.

पैसे टप्प्याटप्प्यानं द्या. जिथं सरकारी तपासणी लागते, तिथं तिचं प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. कॉन्ट्रॅक्टरला पूर्ण पैसे देऊनही, त्यानं माल पुरवणाऱ्याचे पैसे थकवले तर घरावर बोजा कसा चढतो, ते पुढच्या आठवड्यात.