झटपट तपासणीचा नकार

उल्हास नदीकाठच्या मोहन्यात पावसाळा स्थिरावला, की दवाखान्यांच्या बाकांवर ताप-खोकल्याने बेजार झालेल्यांची दाटी होते. आणि आंबिवलीहून खच्चून भरलेल्या लोकलने रोज मुंबई गाठणाऱ्या नोकरदारास आपला ताप साधा की फ्लूचा, याचा निकाल त्याच दिवशी हवा असतो. ही निकड रास्त आहे. कारण ओसेल्टामिविर हे औषध लक्षणे दिसू लागल्यापासून ४८ तासांच्या आत दिल्यास विशेष गुणकारी ठरते.

झटपट तपासणीत नाकात खोलवर काडी फिरवून घेतलेला स्राव द्रावात घोळवतात आणि त्याचे थेंब पट्टीवर सोडतात. पंधराएक मिनिटांत 'सी' या नियंत्रणरेषेखेरीज 'ए' किंवा 'बी'समोर रेषा उमटली, म्हणजे विषाणूचा प्रकार कळला. मात्र पट्टीवरील प्रतिपिंडे विषाणूच्या अंतर्भागातील न्यूक्लिओप्रोटीन तेवढे ओळखतात, आणि ते 'ए' प्रकारच्या सर्व विषाणूंत बहुतांशी सारखेच असते. एच१एन१ आणि एच३एन२ हा भेद ज्यांवरून ठरतो, ती हिमॅग्लुटिनिन व न्यूरामिनिडेज ही प्रथिने पृष्ठभागावर असल्याने या तपासणीच्या अंमलाबाहेर राहतात. शिवाय स्रावात विषाणू थोडे असले, तर रेषाच उमटत नाही. शंभर खऱ्या रुग्णांपैकी अशा पट्टीला साधारण पन्नास ते सत्तरच सापडतात. म्हणून साथीच्या दिवसांत तिचा होकार ग्राह्य, पण नकार हा अखेरचा फैसला नव्हे.

खातरजमा होते ती आरटी-पीसीआरने. तीत विषाणूच्या आरएनएचे डीएनएत रूपांतर करून त्याच्या असंख्य प्रती काढतात आणि प्रत्येक उपप्रकाराच्या विशिष्ट जनुकखंडाचा शोध घेतात. यंत्राचे काम काही तासांचे. वेळ मोडतो तो तिहेरी वेष्टनातला थंड नमुना प्रयोगशाळेपर्यंत नेण्यात. २००९ साली या विलंबाचा अनुभव महाराष्ट्राने घेतला. ३ ऑगस्टला पुण्यात स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी घेतला आणि १९५२ साली स्थापन झालेल्या तेथील राष्ट्रीय विषाणू संस्थेवर नमुन्यांचा भार लोटला. नवा विषाणूही 'ए' प्रकारचाच असल्यामुळे जुन्या हंगामी विषाणूंहून तो निराळा आहे, हे साध्या पट्टीस सांगता येणे शक्यच नव्हते. फेब्रुवारी २०२२मध्ये मोहन्याच्याच जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातील वेहळोलीस कोंबड्यांत आढळलेला बर्ड फ्लूही त्याच 'ए' कुळातला.

सौम्य तापाच्या प्रत्येक रुग्णाची तपासणी करावी असे सरकारी मार्गदर्शनही म्हणत नाही. पण श्वास लागलेल्या वृद्धाचे किंवा तापाने फणफणलेल्या गरोदर स्त्रीचे औषध, केवळ पट्टी कोरी राहिली एवढ्या दाखल्यावर थांबवणे, हे मात्र कोणत्याच शास्त्रात बसत नाही.