टोळ पडला की पेरा

भंडारा जिल्ह्यात साकोली, लाखनी, पवनीकडे धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, मोहाची मोठाली झाडं उभी दिसतात. शेत काढताना जंगल तुटलं, पण मोह राखला गेला. मार्च-एप्रिलमध्ये फुलं, पावसाच्या तोंडावर टोळ म्हणजे फळं, टोळाच्या बियांचं तेल. एवढं देणाऱ्या झाडावर कुऱ्हाड चालवायला पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतला माणूस सहसा धजत नाही. त्या झाडांखाली गुडघ्याएवढं रोप मात्र क्वचितच आढळतं. आजोबांनी राखलेलं आपण वेचतो आहोत, नातवांसाठी लावत नाही.

नवी रोपं न दिसण्याचं कारण फुलं वेचणं नव्हे. पहाटे गळतो तो फुलाचा रसाळ, गोड भाग. बीजकोश देठावरच राहतो आणि त्याचाच टोळ होतो. घात होतो तो वेगळ्याच वाटांनी. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवला जातो, त्यात कोवळी रोपं होरपळतात. वाचलेली गुरांच्या तोंडी लागतात. आणि मगजात निम्म्याच्या आसपास तेल असलेली बी घाण्यावर जाते.

शिवाय बी स्वतःच अल्पायुषी. धानाचं बियाणं वाळवून कणगीत वर्षभर टिकतं. मोहाचं बी वाळलं की मरतं. १९७३ मध्ये ई. एच. रॉबर्ट्स या शास्त्रज्ञाने बियांचे वाळवून टिकणाऱ्या आणि न टिकणाऱ्या असे दोन वर्ग मांडले. मोह दुसऱ्या वर्गातला. आंबा, कोको, रबरही त्यातलेच. १८७६ मध्ये हेन्री विकहॅमने ब्राझीलमधून रबराच्या सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या, त्यातल्या जेमतेम २,७०० रुजल्या. मोहाच्या बीचीही उगवणशक्ती काही आठवड्यांतच ओसरते. उन्हाळ्यात रोपवाटिकेसाठी जुनं बी शोधण्यात अर्थ नाही.

म्हणून टोळ पडला की पेरायचं. पिकून नुकतंच गळलेलं फळ घ्यावं. गर काढून आतली तपकिरी, चकचकीत, लांबट बी धुवावी. उन्हात अजिबात ठेवू नये. दोन-चार दिवसांतच, बोटाच्या एका पेरापेक्षा खोल न जाईल अशी लावावी. ताज्या बीला दोन-चार आठवड्यांत कोंब येतो. पानं मोजकीच दिसतात, पण सोटमूळ झपाट्याने खाली जातं. त्यामुळे पिशवी उंच हवी, आणि मूळ तळाशी गुंडाळण्याआधी रोप जागेवर जायला हवं. त्याहून बरं म्हणजे पाणी न तुंबणाऱ्या धुऱ्यावर माती भुसभुशीत करून थेट दोन-तीन बिया टोचाव्यात, भोवती काट्यांचं कुंपण करावं आणि पहिली काही वर्षं आग व गुरं दूर ठेवावीत.

अडचण एवढीच की हे दिवस नेमके धानाचे पऱ्हे (रोपं) टाकण्याचे आणि रोवणीचे. घरातलं माणूस न् माणूस बांधीत असतं. म्हणून हे काम एकट्यादुकट्याचं नव्हे, ग्रामसभेचं. पोसलेल्या टोळांची झाडं हेरून ठेवणं, त्यांचे काही टोळ घाण्याऐवजी पेरणीसाठी राखणं, पालापाचोळा जाळण्याऐवजी झाडून बाजूला करणं, हे निर्णय दिवाळीनंतरच्या निवांत बैठकीतच होऊ शकतात.

२००६ च्या वनहक्क कायद्याने वननिवासींना मोहासारख्या गौण वनोपजावर हक्क दिला. २०२१ मध्ये राज्याने मोहफुलं गोळा करण्यावरचे, साठवण्यावरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंधही उठवले. आज पेरलेला मोह फुलायला दहाएक वर्षं लागतील, भरभरून द्यायला त्याहून जास्त. वेचण्याचा हक्क पुढच्या पिढीच्या उपयोगी पडायचा, तर तिच्या धुऱ्यावर मोह असला पाहिजे, आणि तो आपणच पेरायचा आहे.