सत्तर हजार चाललेली गाडी घ्यावी काय?



गळीत हंगाम आटोपला आणि उसाचे बिल खात्यावर पडले म्हणजे घरोघरी खर्चाचे बेत सुरू होतात. कोणी मोटारपंप बदलतो, कोणी लग्न काढतो, आणि ज्याच्या घरी विशी-पंचविशीतला मुलगा आहे त्याच्याकडे गाडीचा विषय निघतोच. यंदा आमच्या घरी तो निघाला. माझा भाचा वरवट बकालला माझ्याजवळच राहतो व शेती पाहतो. तो एके दिवशी जेवताना म्हणाला, "मामा, मले हिमालयन घ्याची हाय. नवी नाई, जुनीच. अकोल्याले एक हाय, सत्तर हजार चाललेली."

मी म्हटले, "सत्तर हजार रुपये?"

"नाई मामा, सत्तर हजार किलोमीटर. रुपये लाखावर पाच हजार सांगते तो."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. एवढी चाललेली गाडी लाख रुपये देऊन घ्यायची, म्हणजे जुळलेला बैल चौशाच्या भावात घेण्यासारखेच मला वाटले. पण पोरगा हट्टाला पेटला होता. शेवटी तोच म्हणाला, "तुमीच चाला संग, अन् तुमच्या डोयानं पाहा." त्याप्रमाणे आम्ही महिनाभरात तीन गाड्या पाहिल्या. त्या पाहण्यात जे कळले ते इतर सभासदांच्या उपयोगी पडेल, म्हणून हा लेखप्रपंच.

आधी ही गाडी कोणती ते सांगतो, कारण आमच्या पिढीला ती ठाऊक नाही. आमच्या वेळी शेतकऱ्याची गाडी म्हणजे राजदूत. पेट्रोलमध्ये ऑईल मिसळायचे, मागे दोन कॅन बांधायचे आणि निघायचे. बुलेट तर पाटला-देशमुखांचीच. १९५५ साली मद्रासेत ती लष्करासाठी जोडली जाऊ लागली. पुढे लष्कराने लिलावात काढलेल्या बुलेट पुष्कळांनी घेतल्या आणि वीस-वीस वर्षे वापरल्या. तेव्हा जुनी, खूप चाललेली गाडी घेणे ही काही आजची टूम नव्हे. त्याच रॉयल एन्फिल्ड कंपनीने २०१६ साली हिमालयन काढली. इंजिन ४११ सीसीचे, एकच सिलिंडर, ताकद साडेचोवीस अश्वशक्ती. पुढचे चाक २१ इंची, मागचे १७ इंची, पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर वर, टाकी १५ लिटरची. डोंगरात, दगडधोंड्यांत लांबचा प्रवास करता यावा अशी तिची बांधणी. पहिल्या गाड्यांना कार्बोरेटर होता, २०१७ पासून इंजेक्शनची गाडी आली आणि २०१८ पासून एबीएस ब्रेक आले. २०२३ च्या नोव्हेंबरात ४५२ सीसीची नवी हिमालयन निघाली व जुनी ४११ ची बंद झाली. त्यामुळे जुन्या बाजारात आता ४११ च्या गाड्या बऱ्याच दिसतात. पुण्या-मुंबईची पोरे लडाखला जाऊन येतात, हौस फिटते, आणि गाडी विकायला काढतात.

आपल्याकडे तिचे काम काय, असे कोणी विचारील. मीही विचारले. वरवटहून उत्तरेस गेले की सातपुड्याचा पायथा लागतो, अंबाबरव्याचे जंगल लागते. शेताचे पाणंद रस्ते कसे आहेत हे मी तुम्हाला सांगायला नको. भाच्याचा एक तुकडा पायथ्याशी आहे आणि तिथे शंभर सीसीची गाडी दगडावर पोट घासते, हे खरे आहे. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ही गाडी लिटरला तीसच्या आसपास देते, घरची साधी गाडी साठ देते. वजन दोनशे किलोच्या घरात. काळ्या चिखलात आडवी झाली तर एकट्या माणसाला उचलायला भारी. ज्याला नुसते दूध घालायला आणि बाजाराला जायचे आहे त्याने या फंदात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिली गाडी पाहिली ती दुकानात. चकचकीत. मीटरवर चौदा हजार किलोमीटर. भाव अर्थातच चढा. पोरगा भाळला. मी मात्र खाली बसलो. बैल घेताना आपण मालकाने सांगितलेले वय ऐकत नाही, तोंड उघडून दात मोजतो. गाडीचेही दात असतात. पायदानाचे रबर झिजून गुळगुळीत झाले होते, ब्रेकच्या पायट्याला चकाकी आली होती. पुढच्या ब्रेकची डिस्क बोटाने चाचपली तर कडेला धार लागत होती. त्या डिस्कवर कमीतकमी जाडी किती हवी ते कोरलेलेच असते, आणि ही जवळजवळ त्या हद्दीला आली होती. चौदा हजारांत एवढी डिस्क झिजत नाही. शिवाय टायर. प्रत्येक टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. गाडी २०१८ ची आणि दोन्ही टायर २०२२ चे. चौदा हजारांत दोन्ही टायर कसे संपले, असे विचारले तर दुकानदार म्हणाला, "मालकानं हौसेनं बदलले." आम्ही चहा घेतला आणि उठलो. मीटर बदलता येते, फिरवता येते. झीज फिरवता येत नाही.

दुसरी गाडी आपल्याच भागातली, माणूसही ओळखीचा. भाव अगदी कमी. २०२३ च्या जुलैत संग्रामपूर-जळगाव जामोद भागात जो पूर आला तो कोणी विसरलेले नाही. शेतीबरोबर कितीतरी गाड्याही पाण्यात गेल्या. पुरातली गाडी धुऊन-पुसून, नवे ऑईल टाकून चालू होते, पण आत दुखणे राहते. म्हणून आपल्या भागात गाडी घेताना सीट काढून पाहावी. सीटखाली, टाकीखाली, हेडलाईटच्या वाटीत बारीक वाळलेला गाळ दिसतो. तिथे कपडा पोहोचत नाही. वायरींच्या जोडण्या उघडून पाहाव्यात, तांब्यावर हिरवट बुरशी आली असेल तर ओळखावे. या गाडीत दोन्ही सापडले. इंजेक्शनच्या गाडीत सगळा कारभार वायरी आणि सेन्सरवर चालतो. कार्बोरेटर उघडून फुंकर मारली की झाले, तसे हिचे नाही. माणूस ओळखीचा असल्याने तोंडावर काही बोललो नाही, "घरी विचारून सांगतो" म्हटले. ते त्यालाही समजले.

तिसरी ती अकोल्याचीच, जिच्यावरून विषय निघाला. मीटरवर ७१ हजार. मालक नोकरदार, पंचेचाळिशीचा. त्याने कपाटातून एक फाईल काढली. पहिल्या दिवसापासूनची सर्व्हिसची बिले तारीखवार लावलेली. कोणत्या किलोमीटरला ऑईल, कोणत्या किलोमीटरला चेन-स्पॉकेट, क्लच प्लेटा कधी, सर्व लिहिलेले. माझे मत तिथेच निम्मे बदलले. चौदा हजारांच्या बोलघेवड्या गाडीपेक्षा सत्तर हजारांची हिशेबी गाडी बरी.

तरी तपासायचे ते तपासलेच. एक गोष्ट आधी सांगून ठेवली होती, की आम्ही येण्यापूर्वी गाडी चालू करू नका. सकाळी सातलाच पोहोचलो व इंजिनला हात लावून पाहिला, थंड होते. गरम गाडी सगळे लपवते, खोड कळते ती थंड गाडी चालू करतानाच. एका बटणात सुरू झाली. सायलेन्सरमधून निळा धूर आला नाही. निळा धूर म्हणजे इंजिन ऑईल जाळते, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जाते. थंड सकाळी पहिल्या मिनिटाला थोडी पांढरी वाफ आली तर घाबरू नये. मग संगे नेलेल्या मिस्त्र्याने गाडी मोठ्या स्टँडवर घेऊन पुढचे चाक अधांतरी केले आणि हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवले. मधोमध आल्यावर खटकन् अडकल्यासारखे झाले. "कोन सेट गेला," तो म्हणाला. मागच्या स्पॉकेटवरची चेन बोटांनी मागे ओढली तर दात अर्धा उघडा पडला, म्हणजे चेनही संपत आलेली. चाकांचे आरे एकेक करून पान्ह्याने वाजवले. सगळ्यांचा आवाज सारखा हवा, ज्याचा भद्द येतो तो ढिला. दोन ढिले निघाले, रिमला पुढे एक बारीक पोचा. पुढच्या शॉकअपवर तेलाचा ओघळ नव्हता. इंजिनचे ऑईल काळे होते, पण दुधाळ नव्हते आणि त्यात चकाकणारा चुराही नव्हता. दुधाळ म्हणजे पाणी शिरले, चुरा म्हणजे आत काहीतरी झिजते आहे. अशी गाडी फुकटही घेऊ नये.

दोष निघाले याचा मला आनंदच झाला, कारण दोष निघाले की भाव निघतो. पूर्वी बैलबाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा व्हायचा. इथे मिस्त्र्याने कागदावर खर्च मांडला आणि तो कागद मालकापुढे ठेवला. एक लाख पाच हजारांवरून पंच्याऐंशी हजारांवर सौदा तुटला. दोन्ही टायर, चेन-स्पॉकेट, कोन सेट, ब्रेक पॅड, बॅटरी आणि ऑईल मिळून एकोणीस हजार लागले. म्हणजे गाडी खऱ्या अर्थाने पडली एक लाख चार हजारांना. हा दुसरा आकडा पुष्कळजण धरतच नाहीत. खिशातले सगळे गाडीत घालतात आणि झिजलेल्या चेनवर वर्षभर फिरतात.

आता कागदांकडे येतो. माझ्या मते या लेखातला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. ऊस तुटून गेल्यापासून चौदा दिवसांत बिल मिळावे हा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातला नियम आपणा सभासदांना तोंडपाठ आहे. गाडी विकणाऱ्यालाही कायद्याने चौदाच दिवस दिलेले आहेत, राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५०. विकणाऱ्याने चौदा दिवसांत व घेणाऱ्याने तीस दिवसांत आर.टी.ओ.ला कळवावयाचे असते. त्यासाठी नमुना २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या लागतात. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा दाखला आणि नमुना ३५. गाडी गोव्याची किंवा मध्यप्रदेशाची असेल तर तिथल्या आर.टी.ओ.चे ना-हरकत नमुना २८ वर आणावे लागते आणि इथला रस्ता कर नव्याने भरावा लागतो. स्वस्त दिसणारी परराज्यातली गाडी इथेच महाग पडते.

खेड्यात आपण काय करतो? पाचशेच्या स्टँपवर लिहून घेतो आणि गाडी घरी आणतो. नाव वर्षानुवर्षे जुन्याच मालकाचे. हे विकणाऱ्याच्या मुळावर येते. नावावर एक मालक आणि ताब्यात दुसराच, अशा एका गाडीचा २००९ साली अपघात झाला. विकल्यानंतर ती गाडी हातोहात पुढे गेली होती. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की आर.टी.ओ.च्या दप्तरी ज्याचे नाव तोच मालक आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच. म्हणजे तुम्ही गाडी विकून पैसे खर्चूनही टाकलेत, आणि तिसऱ्याच्या हातून अपघात झाला, तर नोटीस तुमच्या दारी येऊ शकते. सातबारा तुमच्या नावावर असला तर काय होईल ते मनाशी आणून पाहा.

घेणाऱ्याचेही नुकसान आहे. विम्यात मालक-चालकाचे जे पंधरा लाखांचे अपघाती संरक्षण असते ते नोंदणीकृत मालकासाठी. गाडी तुमच्या नावावर नाही आणि तुमचेच बरेवाईट झाले, तर घरच्यांनी कोणाकडे मागायचे? म्हणून नाव बदलताच विमाही बदलून घ्यावा, त्याचीही मुदत चौदा दिवसांचीच आहे. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस मात्र तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याजवळ राहतो. इंजिन व चेसिसचा नंबर आर.सी.शी आकडा-आकडा ताडून पाहावा. जुने दंड ऑनलाईन दिसतात तेही पाहून घ्यावेत, नाहीतर दुसऱ्याने तोडलेला सिग्नल तुम्हाला भरावा लागतो. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरपाटी लागते, ती बसवलेली आहे का तेही बघावे.

आमच्या गाडीच्या टाकीतले पेट्रोल आता वीस टक्के इथेनॉलचे असते. म्हणजे आपलाच ऊस काही अंशी परत आपल्याकडे येतो, याचा सभासद म्हणून मला आनंद आहे. पण खोटे बोलू नये. एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या या मिश्रणासाठी बनवलेल्या नाहीत. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते आणि लिटरमागे त्याच्यात पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडे उतरणारच. जुन्या गाडीच्या पेट्रोलच्या नळ्या चिरल्या आहेत का ते दर सर्व्हिसला पाहावे आणि महिनोन्‌महिने गाडी एका जागी उभी ठेवू नये. भाच्याने नळ्या बदलून घेतल्या, खर्च किरकोळ आला.

गाडीच्या चाकांत ट्यूब आहे, ही आपल्या दृष्टीने जमेची बाजू. गावातला पंक्चरवाला ती काढू शकतो. पुढची २१ इंची ट्यूब मात्र आपल्याकडे कुठे मिळत नाही, म्हणून एक जास्तीची घरी आणून ठेवली आहे.

नवे आर.सी. एकविसाव्या दिवशी टपालाने आले. अकोल्याच्या त्या मालकाला मी स्वतः फोन करून सांगितले. तो म्हणाला, "बरं झालं काका, आता मी मोकळा झालो." परवा भाचा मला मागे बसवून पायथ्याच्या शेतावर घेऊन गेला. सीट उंच आहे, चढताना माझा गुडघा बोलला. खालच्या उसाला पाणी सुरू होते, वीज रात्रीचीच होती.