आजवर फुटली नाही, हा पुरावा नव्हे

जुनी लष्करी रायफल हाती घेणाऱ्या माणसाच्या मनात एक युक्तिवाद आपोआप तयार होतो: हिने युद्ध पाहिले आहे, हजारो गोळ्या झाडल्या आहेत, मग आता हिला काय होणार? दोन महायुद्धांनंतर अनेक देशांनी आपल्या कोठारांतल्या लाखो रायफली विकून टाकल्या. ब्रिटिश ली-एनफिल्ड, जर्मन माउझर, रशियन मोसिन-नागांत, जपानी अरिसाका, अमेरिकन स्प्रिंगफील्ड अशा या रायफली विशेषतः अमेरिका आणि कॅनडातल्या नागरिकांच्या हाती गेल्या आणि आजही तिथे हौसेने झाडल्या जातात. भारतात कायद्याने सामान्य परवानाधारकाला ली-एनफिल्डसारखी .३०३ बोअरची रायफल मिळत नाही. आपल्याकडे ‘थ्री नॉट थ्री’ लोकांनी पाहिली ती पोलिसांच्या खांद्यावर आणि एनसीसीच्या कवायतीत. तरीही हा प्रश्न परक्या देशातल्या हौशी लोकांपुरता नाही. एखादे जुने यंत्र सुरक्षित आहे असे आपण कशाच्या आधारावर म्हणतो, हा त्यामागचा मूळ प्रश्न आहे. माझे म्हणणे असे की जुन्या रायफलीची सुरक्षितता गृहीत धरता येत नाही, ती सिद्ध करावी लागते. त्यासाठीची प्रत्येक तपासणी एकाच प्रश्नाचे उत्तर देते. एका तपासणीचा निकाल दुसऱ्या प्रश्नावर लावला, की अपघाताची वाट मोकळी होते.

चाप ओढल्यावर काय होते, ते आधी समजून घेऊ. काडतुसातली दारू पेटते आणि क्षणार्धात वायूचा दाब वातावरणाच्या दाबाच्या साडेतीन ते चार हजार पटींपर्यंत चढतो. हा दाब गोळीला पुढे ढकलतो, तितकाच तो मागेही रेटतो. मागे, नेमबाजाच्या डोळ्यापासून काही इंचांवर, त्याला अडवणाऱ्या गोष्टी दोनच असतात. एक म्हणजे काडतुसाची पितळी पुंगळी. ती फुगून चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीच्या, भिंतींना घट्ट चिकटते आणि वायूला मागे येऊ देत नाही. दुसरी म्हणजे चेंबर मागून बंद करणारा बोल्ट आणि तो ज्यात अडकतो तो पोलादी सांगाडा, म्हणजे रिसीव्हर. पितळ वायू कोंडते आणि पोलाद पितळाला आधार देते. म्हणून पोलादाने पितळाला किती जवळून आधार दिला आहे, हा तपासणीचा पहिला प्रश्न ठरतो. बंद बोल्टचे तोंड आणि काडतूस जिथे टेकते ती जागा यांतल्या अंतराला हेडस्पेस म्हणतात. .३०३ च्या काडतुसाला बुडाशी कडा असते आणि ते त्या कडेवर टेकते. माउझर किंवा स्प्रिंगफील्डचे काडतूस खांद्यावर, म्हणजे पुंगळी पुढे निमुळती होते तिथे, टेकते, त्यामुळे तिथले माप वेगळ्या ठिकाणी घ्यावे लागते. हे अंतर वाढले तर पुंगळीचा पुढचा भाग चेंबरला चिकटून राहतो आणि बूड मात्र बोल्टपर्यंत मागे सरकते. या ताणात बुडाजवळचे पितळ पातळ होत जाते आणि अखेर आडवे फाटते. मग तो वायू मिळेल त्या फटीतून नेमबाजाच्या चेहऱ्याकडे धावतो.

हे अंतर डोळ्याला दिसत नाही. ली-एनफिल्डसाठी किमान माप ०.०६४ इंच आणि ब्रिटिश लष्कराने मान्य केलेली वरची मर्यादा ०.०७४ इंच. दोहोंतला फरक सुमारे पाव मिलिमीटर आहे. म्हणून ते गेजने मोजतात. गेज म्हणजे काडतुसाच्या जागी बसणारा, अचूक घडवलेला पोलादी तुकडा. किमान मापाच्या गेजवर बोल्ट बंद व्हायला हवा आणि कमाल मापाच्या गेजवर तो बंद होता कामा नये. बोल्ट हलक्या बोटाने फिरवायचा असतो. जोर लावला तर गेजही चेपतो आणि निष्कर्षही खोटा निघतो. नंबर ४ ली-एनफिल्डमध्ये बोल्टचे डोके वेगळे काढता येते आणि ते शून्य ते तीन अशा चार क्रमांकांत मिळत असे. लष्करी आर्मरर, म्हणजे शस्त्रे दुरुस्त करणारे कारागीर, योग्य डोके निवडून अंतर ताब्यात ठेवत. याचाच अर्थ असा की पुढे कोणी एका रायफलीचा बोल्ट दुसरीत घातला असेल, तर ती काळजी वाया गेलेली असते. दुसऱ्या महायुद्धात हस्तगत केलेल्या जर्मन माउझर सोव्हिएत कोठारांत खोलून, साफ करून पुन्हा जुळवल्या गेल्या, तेव्हा मूळ बोल्ट मूळ रायफलीत परत जाईलच असे नव्हते. बोल्ट आणि रिसीव्हरवरचे क्रमांक जुळतात का, हे म्हणूनच पाहायचे. पण जुळणारा क्रमांक झीज सांगत नाही. ते काम गेजचेच.

आता गेजची मर्यादा पाहू. तो अंतर मोजतो, पोलादाचा दर्जा मोजत नाही. अमेरिकेची १९०३ ची स्प्रिंगफील्ड रायफल याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. स्प्रिंगफील्ड आणि रॉक आयलंड इथल्या सरकारी शस्त्रागारांत रिसीव्हर घडवताना पोलाद किती तापले, हे अनुभवी कारागीर त्याच्या रंगावरून ठरवत. १९१७ मध्ये काही रिसीव्हर फुटले, चौकशी झाली आणि उष्णतामापक यंत्रे लावल्यावर दिसले की प्रखर उन्हाच्या दिवशी कारागिराच्या डोळ्याला जे तापमान योग्य वाटे, ते ढगाळ दिवसापेक्षा ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत जास्त असू शके. उजेडात तापलेले पोलाद फिके दिसते, म्हणून ते आणखी तापवले जाई. अशा जळालेल्या पोलादाचे रिसीव्हर काचेसारखे ठिसूळ झाले. १९१८ मध्ये उष्णतेची प्रक्रिया बदलली. तेव्हापासून स्प्रिंगफील्डचे ८,००,००० च्या आतले आणि रॉक आयलंडचे २,८५,५०७ च्या आतले क्रमांक संशयित मानले जातात. अमेरिकी अधिकारी जूलियन हॅचर यांनी या अपघातांची तपशीलवार नोंद ठेवली आणि ती पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. अशा रायफलीचे हेडस्पेस निर्दोष असू शकते, नळी आरशासारखी असू शकते. तिचा दोष धातूच्या आत दडलेला असतो.

इथे एक आक्षेप हमखास येतो आणि तो फेटाळण्यासारखा नाही. संशयित क्रमांकांच्या रायफली दहा लाखांहून अधिक होत्या, नोंदवलेल्या फुटी मात्र काही डझन. इतक्या कमी शक्यतेसाठी उत्तम वस्तू बाद का करायची? उत्तर असे की शक्यता कमी असली तरी ती सर्व रायफलींवर सारखी पसरलेली नाही. बहुतेक रिसीव्हर ठीक असतील, थोडे अगदी वाईट असतील, आणि आपल्या हातातला कोणता हे ओळखण्याची, वस्तू न मोडता करता येणारी, भरवशाची तपासणी नाही. भेगा शोधणाऱ्या रासायनिक किंवा चुंबकीय तपासण्या आहेत, पण ठिसूळ पोलादाला फुटण्याच्या क्षणापर्यंत भेग नसू शकते. आजवर ती टिकली असेल तर ती चांगल्या काडतुसांवर टिकली. एखादे सदोष काडतूस पुंगळीच्या बुडाशी फाटले, तर मजबूत रिसीव्हर तो धक्का सोसतो, ठिसूळ रिसीव्हरचे तुकडे होतात. १९१७ मध्येही खराब काडतुसांनीच धातूचा दोष उघडा पाडला होता. भूतकाळाने विचारलाच नाही अशा प्रश्नाचे उत्तर भूतकाळाकडून घेता येत नाही.

दर्शनी रूपावर विसंबणेही असेच फसवे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस बनलेली जपानी अरिसाका ओबडधोबड दिसते, पण अरिसाकाची मूळ यंत्रणा विलक्षण मजबूत आहे. अमेरिकन बंदूकतज्ज्ञ पी. ओ. ॲक्ली यांनी मुद्दाम जास्त दाब देऊन रायफली फोडण्याचे प्रयोग केले, त्यांत तिने भल्याभल्यांना मागे टाकले. याउलट त्याच घाटाच्या काही जपानी रायफली केवळ प्रशिक्षणासाठी होत्या. त्यांचा धातू हलका, नळीत आटे नाहीत, आणि त्या बिनगोळीच्या काडतुसांच्या आवाजापुरत्याच बनवलेल्या. आपल्या एनसीसीच्या कवायतीत ज्या ‘डीपी’ शिक्क्याच्या .३०३ रायफली वापरल्या गेल्या, त्याही झाडण्यासाठी नव्हत्या. झाडण्यास अयोग्य म्हणून मुद्दाम निकामी केलेली रायफल हा त्या शिक्क्याचा अर्थ. असा शिक्का असलेली रायफल कोणी नवे सुटे भाग घालून ‘चालू’ केली, तरी ती मुळात बाद का झाली होती हे आपल्याला कळत नाही. कॅनडाच्या रॉस रायफलीची गोष्ट तर आणखी शिकवणारी. तिचा बोल्ट साफ करून चुकीच्या पद्धतीने जुळवला तर तो बंद झालेला दिसे, प्रत्यक्षात अडकलेला नसे, आणि गोळी सुटताच मागे नेमबाजाच्या तोंडावर येई. इथे धातू उत्तम होता, चूक जुळणीत होती. म्हणून त्या त्या मॉडेलचा इतिहास वाचणे ही हौस नाही, ती तपासणीचाच भाग आहे.

नळीकडे पाहताना दोष आणि धोका यांत फरक करायला हवा. जुन्या लष्करी काडतुसांच्या प्रायमरमध्ये, म्हणजे दारू पेटवणाऱ्या बुडाच्या टोपीत, पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून मागे राहणारा क्षार हवेतली ओल ओढतो आणि पोलाद गंजवतो. तेलाने तो विरघळत नाही, पाण्याने विरघळतो. त्यामुळे कित्येक नळ्यांत बारीक खड्डे दिसतात. नळीतल्या हलक्या खड्ड्यांनी बहुधा नेम बिघडतो, रायफल फुटत नाही. पण नळीतून पाहताना कड्यासारखी काळी सावली दिसली, तर तिथे नळी फुगलेली असते आणि ती वापरायची नसते. लाकडी दस्त्याखाली झाकलेला गंज वरून दिसत नाही, म्हणून लाकूड काढून पाहावे लागते. कोठारात ठेवताना भरलेले घट्ट ग्रीस नळीत आणि चेंबरमध्ये राहिले, तर पहिल्याच गोळीला अडथळा होतो. आणि शेवटी काडतूस. जर्मनीच्या १८८८ च्या मूळ रायफलीची नळी अरुंद होती. पुढे तिथे थोडी जाड गोळी स्वीकारली गेली. दोन्ही काडतुसे दिसायला सारखीच, पण न बदललेल्या जुन्या नळीत नवी जाड गोळी कोंबली तर दाब धोकादायक वाढतो. तसेच, आपल्या ईशापूरच्या कारखान्याने १९६० च्या दशकात ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी ली-एनफिल्डच्याच घाटाची रायफल बनवली, पण त्यासाठी अधिक चांगले पोलाद वापरले. तिच्याकडे बोट दाखवून पहिल्या महायुद्धातल्या रायफलीला ७.६२ ची नळी बसवणे म्हणजे फक्त घाटाची नक्कल करणे होय.

आता दोन सोप्या उपायांबद्दल. रायफल टायरला बांधून, लांबून दोरीने चाप ओढायचा, आणि फुटली नाही तर ती चांगली, असे अनेक जण मानतात. या प्रयोगाचा उपयोग आहे, पण तो पहिल्या गोळीपासून माणूस दूर ठेवण्यापुरता आणि नंतर पुंगळी वाचण्यापुरता. पुंगळीच्या बुडाजवळ चकचकीत कडे उमटले असेल, प्रायमरभोवती काळा धूर झिरपला असेल, तर रायफल बोलली आहे, तिचे ऐकायला हवे. मात्र एक गोळी सोसली म्हणून पुढची शंभरावी सोसेल असे त्यातून सिद्ध होत नाही. दुसरा उपाय प्रूफच्या शिक्क्याचा. ब्रिटनमध्ये नळ्यांची चाचणी कायद्याने बंधनकारक आहे. नेहमीपेक्षा जास्त दाबाचे काडतूस झाडून, टिकली तरच शिक्का मारतात. ही व्यवस्था उत्तम आहे. पण शिक्का त्या दिवसाची साक्ष देतो. त्यानंतर बदललेला बोल्ट किंवा लागलेला गंज त्याला माहीत नसतो.

मग जुनी रायफल झाडूच नये का? तसे मी म्हणत नाही. बहुसंख्य लष्करी रायफली प्रामाणिकपणे घडवलेल्या आहेत आणि योग्य तपासणीनंतर सुरक्षितपणे चालतात. क्रम मात्र पाळावा. आधी मॉडेल आणि क्रमांक ओळखून त्याचे ज्ञात दोष पाहावेत. मग ती पूर्ण खोलून साफ करावी, धातू आणि नळी पाहावी, जाणत्या बंदूक कारागिराकडून गेजने मोजून घ्यावी, नेमके तिचेच काडतूस निवडावे आणि पहिल्या पुंगळ्या बारकाईने तपासाव्यात. यांपैकी एका जरी पायरीवर ‘नाही’ आले, तर बाकीच्या पायऱ्यांवरचे ‘हो’ त्याची भरपाई करत नाहीत. खर्च होईल, वेळ जाईल, आणि कधी एखादी देखणी रायफल कायमची भिंतीवर टांगावी लागेल. तेवढी किंमत मोजायला हरकत नाही, कारण चुकीच्या निर्णयाची किंमत नेमबाज एकटा मोजत नाही. फुटलेल्या पोलादाचे तुकडे शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही लागतात, आणि त्याला कोणी विचारलेले नसते.