कुलूपबंद पार्टिशन आणि अडाणी इन्स्टॉलर

२००४ साली लिनक्स कर्नलच्या २.६.४ आवृत्तीत डिस्क एन्क्रिप्ट करणारं डीएम-क्रिप्ट आलं. पाठोपाठ क्लेमेन्स फ्रूह्विर्थ यांचं लक्स आलं आणि एन्क्रिप्टेड पार्टिशनला हेडर मिळालं. त्या हेडरमध्ये किल्ल्यांचे आठ कप्पे. डेटाची खरी किल्ली एकच. आपला पासवर्ड फक्त कप्पा उघडतो. पासवर्ड बदलला तरी सगळी डिस्क पुन्हा घुसळावी लागत नाही, ती यामुळेच.

ही सोय २००७ च्या डेबियन ४.० मध्ये इन्स्टॉलरमध्येच आली. आधी तो सगळं पार्टिशन रँडम डेटानं भरत बसे; रात्री लावायचं नि सकाळी बघायचं. पुढच्या वर्षी फेडोरा ९. उबुंटूच्या डेस्कटॉप इन्स्टॉलरमध्ये मात्र एन्क्रिप्शनची चौकट यायला १२.१० उजाडली, म्हणजे २०१२ चा ऑक्टोबर.

टिक केली की झालं, पण कोऱ्या डिस्कवर. जुनं एन्क्रिप्टेड होम राखून नवी आवृत्ती टाकायची, तर उबुंटूच्या त्या इन्स्टॉलरला ते पार्टिशन म्हणजे अनोळखी ठोकळा असे. लाइव्ह सत्रात टर्मिनलवरून लक्स उघडायचं, एलव्हीएम जागं करायचं, मग इन्स्टॉलर. होमसमोरची 'फॉरमॅट'ची टिक निघाली ना, हे तीनदा तपासायचं. एवढं करून रीबूट केलं, तर पासवर्ड विचारतच नाही! बूट होताना काय उघडायचं ते सांगणाऱ्या क्रिप्टटॅब फाइलमध्ये नोंदच नसे. लाइव्ह सत्रातून नव्या सिस्टिममध्ये क्रूट करून ती लिहायची, इनिटरामएफएस नव्यानं बांधायचा. माझे दोन रविवार यात गेलेत.

एकदा हौसेनं देवनागरी पासवर्ड जोडला. बूट होताना देवनागरी टंकायला आयबस कुठून येणार? इंग्रजी पासवर्ड दुसऱ्या कप्प्यात शाबूत होता, म्हणून वाचलो.

२०१७ च्या अखेरीस लक्स २ आलं, सोबत पासवर्डपासून किल्ली घडवणारं आर्गॉन२. बूटलोडर ग्रब मागेच राहिलं: २०२१ च्या २.०६ आवृत्तीला लक्स २ वाचता आलं, आर्गॉन२ नाही. बूट पार्टिशन उघडंच ठेवायची जुनी रीत म्हणून अजून सुटलेली नाही.

हेडर खराब झालं तर बरोबर पासवर्डही निरुपयोगी. लक्स २ चं हेडर साधारण १६ एमबीचं असतं. पुढचं इन्स्टॉलेशन सुरू करण्याआधी 'लक्सहेडरबॅकअप' चालवून ते वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा.